स्विफ्ट कोड : पत्ता चोख, पण घरात कोण राहतं ते विचारू नका

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापला तो शेवटच्या तीन अक्षरांपायी, आणि अख्खा एक कापला तो एका आकड्यापायी, जो या कोडात असायला हवा होता आणि नाही.

यंत्रांचे सुटे भाग परदेशातून मागवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी हिशेब बघते. सोळा वर्षं झाली. महिन्याला दहा-बारा वायर ट्रान्सफर माझ्या हातून जातात, तीन चलनांत, आठ-नऊ देशांत. लोक दोन वर्षांत फेकून द्यायच्या इस्त्रीवर पानभर अभिप्राय लिहितात. मग ज्या वस्तूशी माझी दर आठवड्याला गाठ पडते आणि जिच्यावर एवढ्या रकमा टांगलेल्या असतात, तिच्यावर का लिहू नये? शिवाय आमच्याकडे एक नवीन मुलगा आलाय. त्याला सगळं तोंडी सांगून माझा घसा बसला, तेव्हा हे त्याच्यासाठीही.

आधी नावाचा घोळ मिटवते. स्विफ्ट कोड, बीआयसी, बँक आयडेंटिफायर कोड, फॉर्मवर यांपैकी काहीही छापलेलं असो, वस्तू एकच: परदेशी पैसे पाठवताना ते कोणत्या बँकेत जायचेत ते सांगणारा कोड. आयएसओ ९३६२ हे तिचं मानक. या कोडांची नोंद स्विफ्ट नावाची संस्था ठेवते, म्हणून लोकांच्या तोंडी संस्थेचंच नाव बसलं. बँकांनीच मिळून काढलेली ही सहकारी संस्था. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी ती ब्रसेल्समध्ये स्थापन केली आणि पहिला संदेश १९७७ साली गेला. त्याआधी टेलेक्स होता, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून धाडायचं यंत्र. आमचे निवृत्त झालेले अकाउंटंट सांगायचे की टेलेक्सवर पैसे पाठवायचे तर रक्कम, तारीख आणि चलन यांच्यासाठी कपाटात कुलपाखाली ठेवलेल्या पुस्तकातून आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि ती संदेशाबरोबर धाडायची. तिला ‘टेस्ट की’ म्हणत. पलीकडची बँक तीच बेरीज पुन्हा करून बघणार, जुळली तर संदेश खरा. बेरजेत एक चूक झाली की सगळं पहिल्यापासून. त्यापुढे आठ अक्षरं टाइप करणं म्हणजे सुखच, हे मान्य करूनच पुढची कुरकुर करते.

आधी कौतुक. हा कोड वाचता येतो. खाते क्रमांकाकडे तासभर बघत बसलात तरी त्यातून काही बोध होत नाही, पण डॉइश बँकेचा फ्रँकफर्टचा कोड बघा: डी-ई-यू-टी-डी-ई-एफ-एफ. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची. हवी तर शेवटी आणखी तीन, शाखेची. संपलं. देशाची दोन अक्षरं पाठ असली की कोड समोर आल्या आल्या पैसे कुठे निघालेत ते कळतं. फक्त ती खरंच पाठ हवीत. सी-एच म्हणजे स्वित्झर्लंड, चीन नव्हे, चीन सी-एन. ए-टी म्हणजे ऑस्ट्रिया, ए-यू ऑस्ट्रेलिया. नवीन मुलाने पहिल्याच महिन्यात ऑस्ट्रियाच्या बेअरिंगवाल्यांच्या कोडात ए-यू टाकलं. वर मलाच म्हणाला, “ताई, फॉर्मच चुकीचा आहे, घेत नाही.” फॉर्म बरोबर होता, त्या बँकेचा ऑस्ट्रेलियात असा कोडच नव्हता.

कधीकधी या अक्षरांत जुनी नावंही अडकून राहिलेली असतात. इंग्लंडातल्या एचएसबीसीच्या एका कोडाची सुरुवात एम-आय-डी-एल अशी आहे. ही ‘मिडलँड’. मिडलँड बँक एचएसबीसीने १९९२ साली घेतली, पुढे दारावरची पाटीही बदलली, पण कोडात मिडलँड अजून नांदते आहे. मला असल्या गोष्टी आवडतात. नवऱ्याने बायकोचं नाव बदललं तरी माहेरच्या भांड्यांवर कोरलेलं जुनं नाव राहतंच, तसं काहीसं.

मात्र प्रत्येक विलीनीकरणानंतर जुना कोड असा सुखाने राहत नाही. आमच्या एका पुरवठादाराची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि तिचा कोड काही महिन्यांनी बंद झाला. त्यांनी कळवलंही होतं, पण ते पत्र विक्रीवाल्यांच्या फाइलीत गेलं. माझ्याकडे जुना टेम्पलेट साठवलेला होता आणि आमच्या बँकेच्या यादीतही तो कोड अजून जिवंत होता. पैसे गेले, मध्येच कुठेतरी अडकले आणि नऊ दिवसांनी येताना अंगावरचे चार पैसे काढून देऊन परत आले. यात कोडाची काय चूक, असं कोणी म्हणेल. काहीच नाही. म्हणूनच तारा कापलेला नाही. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सगळे साठवलेले कोड मी स्विफ्टच्या स्वतःच्या शोधपानावर टाकून बघते. तसे कोड सांगणाऱ्या पन्नास वेबसाइटी आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी यादी एकदा कुठून तरी उचलली आणि मग तिच्याकडे वळून बघितलेलं नाही.

आता त्या अर्ध्या ताऱ्याचं. कोड आठ अक्षरांचा असतो किंवा अकरा. आठ अक्षरी असेल तर तो मुख्य कार्यालयाचा समजायचा. अकराची सक्ती असेल तिथे शेवटी तीन एक्स लावायचे, अर्थ तोच राहतो. एका वाक्यात सांगून झालं. पण हे एक वाक्य बँकांच्या फॉर्म करणाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. एक फॉर्म अकराच मागतो, दुसरा अकरा दिली की ‘अवैध’ म्हणून लाल होतो, तिसरा आठ घेतो आणि छापताना स्वतःच तीन एक्स चिकटवतो. मग पुरवठादाराचा मेल येतो की आमच्या बँकेचा कोड तुम्ही चुकीचा टाकला आहे, आमच्या कोडात एक्स नाहीत. सोळा वर्षांत हा मेल मला किमान वीस वेळा आला असेल. माझं उत्तर तयार आहे, फक्त नाव बदलून पाठवते.

यावर कडी म्हणजे बारा अक्षरांचा प्रकार. एकदा पैसे गेल्याचा पुरावा म्हणून एमटी १०३ ची प्रत मागवली. हा म्हणजे बँकेने बँकेला पाठवलेला ग्राहकाच्या पैशांचा संदेश. त्याच्या डोक्यावर आमच्याच बँकेचा कोड बारा अक्षरांचा! आठव्या अक्षरानंतर एक आगंतुक ‘ए’ आणि मग तीन एक्स. मी दोन दिवस तो ‘ए’ कोणाची चूक म्हणून शोधत होते. चूक कोणाचीच नव्हती. स्विफ्टच्या जाळ्यात बँकेच्या ज्या टर्मिनलवरून संदेश निघतो त्याची खूण म्हणून नवव्या जागी ते एक अक्षर घालतात. ते फॉर्ममध्ये कधीही लिहायचं नसतं. दोन दिवस गेले ते गेले.

आता मोठा तारा. या कोडात तपासणीचा अंक नाही.

आयबॅनमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात, तो आहे. देशाच्या दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे असतात ना, ते शोभेचे नाहीत. आयबॅनची पहिली चार चिन्हं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांच्या जागी आकडे घालायचे, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ असं झेड म्हणजे ३५ पर्यंत, आणि जो लांबलचक आकडा होईल त्याला ९७ ने भागायचं. बाकी १ उरली तर ठीक, नाहीतर कुठेतरी बोट चुकलंय. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की हे गणित हमखास पकडतं. नवीन मुलाला मी दाखवलं. एका जर्मन आयबॅनमधले ४ आणि ७ जागा बदलून टाकले, फॉर्म तिथल्या तिथे तांबडा झाला. मग म्हटलं, आता बीआयसी बघ. ठिकाणाच्या दोन अक्षरांतलं एक बदललं आणि त्याच बँकसमूहातल्या दुसऱ्या एका कंपनीचा कोड तयार झाला. फॉर्म गप्प. वर बँकेचं नावही आपसूक उमटलं, आणि ते जवळजवळ तेच होतं.

“म्हणजे गेले असते पैसे?” त्याने विचारलं.

गेलेच होते. मीच पाठवले होते, सहा वर्षांपूर्वी. पीडीएफवरून डोळ्यांनी वाचून टाइप केला होता आणि एका अक्षराने घात केला. पैसे भलत्या बँकेच्या दारात उभे राहिले, तिथे त्या क्रमांकाचं खातं नव्हतं, चौकशीचे संदेश इकडून तिकडे, आणि बाराव्या दिवशी रक्कम परत. यादीत नसलेला कोड फॉर्म नाकारतो, पण यादीत असलेला चुकीचा कोड त्याला चालतो. अकरा अक्षरांत एक जागा तपासणीसाठी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

थोडीशी दया त्यांनी दाखवलीय, ती सांगते. शून्य की ओ, एक की आय, हा छळ सगळ्यांना ठाऊक आहे. संदेशांच्या जुन्या साच्यात नियम असा की पहिल्या सहा जागी फक्त अक्षरं, म्हणजे तिथे दिसला तर तो ओच, शून्य नव्हे. सातव्या जागी शून्य आणि एक चालत नाहीत. आठव्या जागी ओ हे अक्षर चालत नाही, तेव्हा तिथे गोल काही दिसलं तर ते शून्य. आणि आठव्या जागी खरंच शून्य असेल तर हात आवरा, तो परंपरेने चाचणीचा कोड. तिथे एक असेल तर ती बँक स्वतः जाळ्यात जोडलेली नाही, दुसऱ्याच्या आधाराने कामं करते. एवढं माहीत असलं की निम्मे संशय डोळ्यांनीच मिटतात. दोन आणि झेड यांच्यासाठी मात्र काही उपाय नाही, विशेषतः फॅक्सवरून स्कॅन केलेल्या कागदावर. फोनवर कोड घेऊच नका. बी, डी, पी, टी, व्ही फोनवर सगळी सख्खी भावंडं.

लोक ज्याबद्दल या कोडाला शिव्या घालतात त्यांतल्या निम्म्या गोष्टी त्याच्या नाहीतच. नाव ‘स्विफ्ट’ आणि पैसे चार दिवसांनी, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं आमचे साहेब दर तिमाहीला म्हणतात. पण स्विफ्ट पैसे नेतच नाही, निरोप नेते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांत. ज्या बँकेचं ज्या चलनात खातं जिथे आहे तिथून वाट काढायची. माझ्या आणि पुरवठादाराच्या बँकेचं थेट खातं नसेल तर मध्ये एक, कधी दोन बँका येतात. दोन शेजारच्या देशांत डॉलर पाठवायचे तरी ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या बँकेतून फिरून येतात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. बीआयसी सांगतो फक्त शेवटचं दार. वाट कोणती, ते त्यात लिहिलेलं नाही. पुरवठादाराच्या कागदावर कधी ‘मध्यस्थ बँक’ म्हणून दुसरा बीआयसी दिलेला असतो. तो लोक गाळतात किंवा, त्याहून वाईट, मुख्य बँकेच्या रकान्यात घालतात. त्याचा रकाना वेगळा आहे, आणि दिला असेल तर भरा.

या वाटेवर पैसे कापले जातात. फॉर्मवर खर्च कोणाचा असा प्रश्न असतो आणि तीन पर्याय: ओ-यू-आर म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, एस-एच-ए म्हणजे वाटून, बी-ई-एन म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. मी बरीच वर्षं ‘वाटून’वर खूण करत असे, ऐकायला न्याय्य वाटतं म्हणून. मग एका व्हॉल्व्हवाल्यांचा मेल आला की इन्व्हॉइसपेक्षा २२ डॉलर कमी मिळाले. मधल्या बँकेने आपला वाटा रकमेतूनच काढून घेतला होता. आता २२ डॉलर वेगळे पाठवायचे तर त्याचा खर्च २२ डॉलरहून जास्त. त्यांनी समजुतीने पुढच्या इन्व्हॉइसवर एक ओळ टाकली, ‘मागील बाकी २२.००’. मी ती धरून पूर्ण रक्कम पाठवली. त्यातूनही २२ कापले गेले. पुढच्या इन्व्हॉइसवर पुन्हा ‘मागील बाकी २२.००’. हा खेळ सात महिने चालला. दोन्हीकडच्या ऑडिटरांनी विचारलं हे काय आहे, आणि दोन्हीकडे सांगायला कोणाला जमेना. शेवटी मी ओ-यू-आर करायला लागले.

आणि एकदा तर कोड बरोबर, खातं बरोबर, खर्चही आमचा, तरी पैसे तीन दिवस अडकले. कारण तपशिलाच्या रकान्यात मी मालाचं वर्णन जसंच्या तसं उतरवलं होतं आणि त्यात पावडर कोटिंगच्या रंगाचं नाव होतं, ‘हवाना ब्राउन’. वाटेतल्या बँकेच्या निर्बंध तपासणाऱ्या यंत्रणेला हवाना दिसलं, क्यूबा आठवलं आणि तिने फाइल बाजूला काढली. आता मी तिथे फक्त इन्व्हॉइस क्रमांक लिहिते. रंगाचं कोणाला काय करायचंय.

आता या कोडाने मला सगळ्यात जास्त कधी वाचवलं ते. आमच्या जर्मनीतल्या जुन्या पुरवठादाराकडून मेल आला, नेहमीच्याच बाईंच्या नावाने, खाली नेहमीचीच सही, मागे आमचाच जुना पत्रव्यवहार जोडलेला. मजकूर असा की आमचं ऑडिट सुरू आहे, तोवर पैसे नव्या खात्यात भरा. रक्कम ४१,३०० युरो. सोबत नीटनेटका कागद, लेटरहेडसकट. मी बीआयसी वाचला. पाचवं आणि सहावं अक्षर डी-ई नव्हतं. कंपनी जर्मनीची, कारखाना जर्मनीत, वीस वर्षं जर्मन बँक, आणि ऑडिटच्या काळापुरतं खातं दुसऱ्याच देशात? मग मेलचा पत्ता निरखून बघितला. कंपनीच्या नावात जिथे एम हवा तिथे आर आणि एन शेजारी शेजारी बसवले होते. स्क्रीनवर हुबेहूब एम दिसतो. मेलमधल्या नंबरावर नाही, सात वर्षांपूर्वीच्या कागदी करारावर होता त्या नंबरावर फोन केला. बाईंनी मेल पाठवलाच नव्हता. “कसलं ऑडिट?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

देशाची अक्षरं वेगळी म्हणजे चोरच, असं मात्र धरून बसू नका. ऑनलाइन पेमेंट कंपन्यांत खातं असलं की धंदा एका देशात आणि बीआयसी दुसऱ्या देशाचा, हे आता सर्रास दिसतं. पण वेगळी दिसली तर फोन करायचा. आणि चोराने जर्मन खातंच मिळवलं असतं तर? तर कोडाने मला काहीही सांगितलं नसतं. कोड बँक ओळखतो, माणूस ओळखत नाही. फेब्रुवारी २०१६ मधला बांग्लादेश बँकेवरचा, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेवरचा, दरोडा याच जातीचा. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून तिच्याच नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ संदेश धाडले, एकूण ९५.१ कोटी डॉलरचे. संदेश स्विफ्टच्या नियमाप्रमाणे अगदी अस्सल होते. ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी सापडले ते घेणाऱ्याच्या नावात ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं म्हणून, आणि बरेचसे संदेश थांबले ते फिलिपिन्समधल्या शाखेच्या पत्त्यात ‘ज्युपिटर’ होतं आणि तो शब्द निर्बंधांच्या यादीतल्या एका नावाशी जुळला म्हणून. माझ्या हवाना ब्राउनला मी तेव्हापासून माफ केलंय.

नाव आणि खातं जुळतं का, हे पैसे पाठवायच्या आधी दाखवण्याची सोय आता येते आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी ती २०२० पासून सुरू केली आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ती सक्तीची झाली. पण ती त्यांच्या आतल्या व्यवहारांपुरती. बाहेरून वायर पाठवणाऱ्या माझ्यासारखीला अजून फोनच.

पैसे कुठे पोचले हे बघायची सोय मात्र सुधारली आणि त्याबद्दल मनापासून शाबासकी. २०१७ साली स्विफ्टने जीपीआय नावाची, पैशांचा माग काढायची सेवा आणली, आणि त्याबरोबर प्रत्येक व्यवहाराला यूईटीआर नावाचा एक क्रमांक मिळायला लागला. पार्सलचा असतो तसाच, वाटेतल्या सगळ्या बँकांत तोच राहतो. आडव्या रेघा धरून ३६ चिन्हं. खरा ओळखायची खूण सांगते, तिसऱ्या गटाची सुरुवात नेहमी ४ ने होते. एकदा पाच दिवस पैसे पोचेनात म्हणून आमच्या बँकेच्या काउंटरवर गेले. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्याकडून गेलेत.” हे वाक्य मी टेलेक्सच्या आठवणींतही ऐकलेलं आहे. म्हटलं, यूईटीआर द्या. तो मला पॅन कार्ड मागितल्यासारखा बघायला लागला. शेवटी आतून एक बाई आल्या, त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. पैसे दुसऱ्या दिवशीच शेवटच्या बँकेत पोचले होते आणि तिथेच कागदपत्रांसाठी बसून होते. पुरवठादाराला तो क्रमांक पाठवला, त्यांनी आपल्या बँकेला दाखवला, दुपारपर्यंत जमा. आता पैसे पाठवले की पहिला मेल यूईटीआरचा.

उरलेलं भराभर. बीआयसीच्या रकान्यात लोक काय वाटेल ते भरतात. अमेरिकेचा नऊ अंकी राउटिंग नंबर, ब्रिटनचा सहा अंकी सॉर्ट कोड, ऑस्ट्रेलियाचा सहा अंकी बीएसबी, हे देशातल्या देशात लागणारे क्रमांक. भारताचा आयएफएससी तर अकरा चिन्हांचा, त्यामुळे फॉर्मची लांबीही बरोब्बर जुळते आणि गोंधळ पक्का होतो. त्याच्या पाचव्या जागी शून्य असतं, बीआयसीच्या पाचव्या जागी देशाचं अक्षर. तिथे बघितलं की झालं. आयबॅन सगळीकडे नसतो, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत यांच्याकडे नाहीच, तो मागत बसू नका. आणि असतो तिथेही लांबी वेगळी. नॉर्वेचा १५ चिन्हांचा बघून नवीन मुलाला वाटलं अर्धा राहिला, माल्टाचा ३१ चा बघून वाटलं दोन चिकटले.

युरोपात युरोच पाठवायचे असतील तर ग्राहकाकडून बीआयसी मागणं फेब्रुवारी २०१६ पासून बंद झालं आहे, आयबॅनवरून बँक स्वतःच शोधते. तसं जगभर झालं तर माझा हा अभिप्राय रद्दीत जाईल. माझी हरकत नाही. एमटी १०३ चे दिवसही गेले. बँकांमधला तो साचा नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद होऊन आयएसओ २००२२ चा नवीन आला. आमच्या बाजूला फरक एवढाच की घेणाऱ्याचा पत्ता नावासकट पूर्वी ३५ चिन्हांच्या चार ओळींत कसाही कोंबायचा, आता शहर आणि देश वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे लागतात. एक दिवस बसून सगळ्या पुरवठादारांचे पत्ते नवीन मुलाकडून नीट लावून घेतले. त्याने ऑस्ट्रियासमोर स्वतःहून ए-टी लिहिलं.

व्हॉल्व्हवाल्यांना ओ-यू-आर करून आता चार वर्षं पूर्ण रक्कम मिळते आहे. त्यांच्या इन्व्हॉइसवर ती ओळ मात्र अजून छापली जाते, ‘मागील बाकी ०.००’.